सोमवारच्या माश्या

हेलसिंकी, ११ सप्टेंबर १९८३

लेम्पीताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की तू हे चुलीत टाकणार, मला माहीत आहे. टाकायच्या आधी एवढी एक ओळ वाच. तौनोने ओस्कारीला मारलं नाही. कोणीच मारलं नाही.

वाचलीस ना? मग आता बस जरा.

नऊ वर्षांनी लिहितेय, तर आधी तुझी, गाईंची, पायदुखीची विचारपूस करायला हवी. पण सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला जन्मठेपेवर पाठवणाऱ्या बाईने पायदुखी विचारली तर तू हसशील. तेव्हा सरळ कामाचं लिहिते.

जुलैमध्ये आमच्या संग्रहालयाच्या कीटक विभागातल्या लोकांची तळ्याकाठी सहल होती. ज्याच्याकडे गेलो त्याच्याकडे आपल्यासारखीच वाफ घ्यायची जुनी धुराची न्हाणी आहे. धुराडं नाही, काळ्याकुट्ट भिंती, दगडांची मोठी भट्टी. आईसारखाच तोही डुकराची मांडी तिथेच आढ्याला टांगून धुरात सुकवतो. ताटात तुकडा वाढताना म्हणाला, "दोन आठवडे टांगलंय, बाई. बाहेर माश्यांचा नुसता सुळसुळाट, पण ह्याच्यावर एक बसलेली दाखवा." सगळे वा वा करत जेवले. माझा घास घशातच अडकला.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहिते. मला वकिलाला असंच सांगायचंय, तेवढीच तालीम. तुमच्या शेजारचा ओस्कारी त्याच्या धुराच्या न्हाणीत मेलेला सापडला शुक्रवारी, १९ जुलैला. अंगावर कपडे, डोक्याला खोक. डॉक्टरने खोक पाहिली आणि पुढे काही तपासलं नाही. अंगावरच्या अळ्या बरणीत घालून पोलिसांनी आमच्याकडे पाठवल्या. प्राध्यापक लिंडरूसांच्या हाताखाली त्या वाढवायचं, मोजायचं काम माझं. आमचं गणित सोपं आहे. उन्हाळ्यात निळी माशी प्रेतावर तासाभरात येते आणि अंडी घालते. म्हणून सगळ्यात मोठ्या अळीचं जे वय, तेच मरणाचं. मी मोजलं. चार दिवस. म्हणजे सोमवार.

आणि सोमवार निघाला म्हणूनच खून ठरला. ओस्कारी कंजूष, न्हाणी आठवड्यातून एकदा, शनिवारी तापवायचा. सोमवारी तिथून धूर निघाला नाही, असं तळ्यापलीकडच्या प्रत्येकाने सांगितलं. मग गार न्हाणीत म्हातारा कपड्यांनिशी काय करत होता? सोमवारी त्याच्या धक्क्याला कोणाची होडी होती? तौनोची, पोस्टमनने पाहिलेली. मासे धरायची जाळी टाकायच्या जागेवरून, दुकानासमोर दारू पिऊन ओस्कारीला "तुला तळ्यात बुडवतो" कोण म्हणालं होतं? तौनोच. झालं.

आता शनिवार धर. ओस्कारी न्हाणी तापवतो. निखारे बाहेर काढतो. आत कोंडलेला विषारी धूर घालवायला दगडांवर पहिलं पाणी टाकायला जातो, त्यासाठी सगळे कपड्यांनिशीच जातात. धूर त्यालाच भोवतो, तोल जातो, डोकं भट्टीच्या कडेवर आपटतं. आणि मग दीड-दोन दिवस त्या धगीत, काजळीत, धुराच्या वासात एकही माशी शिरत नाही. शिरते ती सोमवारी. माझ्या माश्या सोमवारच्याच होत्या. ओस्कारी शनिवारचा होता.

तुला मी एकच गोष्ट विचारतेय. रोज संध्याकाळी तू त्याच्या पायरीवर दुधाची किटली ठेवायचीस. तो दूध ओतून घ्यायचा आणि किटली खुंटावर पालथी घालायचा. त्या रविवारी सकाळी किटली पालथी होती का भरलेली? कोर्टाने तुला फक्त सोमवारचं विचारलं. मी रविवारचं विचारतेय. कार्डावर एक शब्द पुरे.

आउने


हेलसिंकी, ३० ऑक्टोबर १९८३

ताई,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण रोज पोस्टाच्या पेटीत हात घालून बघतेय. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रेमपत्राची वाट बघणाऱ्या पोरीसारखी.

तोंडाने म्हणून चालत नाही, करून दाखवावं लागतं, म्हणून ऑगस्टभर मी तेच केलं. त्याच माणसाची न्हाणी मागून घेतली. तीन वेळा तापवली आणि तिन्ही वेळा आत ताज्या डुकराच्या मांसाचे मोठे तुकडे ठेवले, तेवढेच बाहेर सावलीत ठेवले. बाहेर माश्या पाऊण तासात. आत पहिल्या वेळी सदतीस तासांनी, मग एकेचाळीस, मग चव्वेचाळीस. घरमालकाची बायको रोज खिडकीतून बघायची. शेवटी बाहेर येऊन म्हणाली, "एवढं चांगलं मांस नासवता, आणि वर वहीत लिहून ठेवता! तुमच्या घरच्यांनी कधी बोलून नाही का दाखवलं?" मी म्हटलं, "घरचे माझ्याशी बोलतच नाहीत." नंतर ती मला कॉफी आणि गोड पाव देऊन गेली.

वकील मिळाला आहे. रौतियो नावाचा, तरुण, नखं खाणारा, पण हुशार. वही वाचून म्हणाला, "बाई, नऊ वर्षांपूर्वी तुमच्या माश्या एक बोलल्या, आज दुसरंच बोलतायत. कोर्ट मलाच विचारेल, ह्यांच्यावर किती दिवस विश्वास ठेवायचा? मला माणूस हवा. शनिवारनंतर ओस्कारी नव्हता, हे सांगणारा जिवंत माणूस."

तो माणूस तू आहेस.

तू माझ्यावर रागावली आहेस ते बरोबरच आहे. निकालाच्या दिवशी कोर्टात तू एकदाच मागे वळून पाहिलंस. मी प्राध्यापकांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. ती नजर मी विसरलेले नाही. राग माझ्यावर काढ, जन्मभर काढ. तौनोवर कशाला?

आउने


हेलसिंकी, १८ डिसेंबर १९८३

ताई,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

घास सहलीत अडकला, हे खरं. पण मला तेव्हा पहिल्यांदा आठवलं, हे खोटं. बरणी आली त्याच दिवशी आठवलं होतं. झाकण उघडल्याबरोबर अळ्यांच्या अंगाला काजळी दिसली, आणि खालच्या फडक्याला आपल्या न्हाणीचा वास आला. आईच डोळ्यासमोर उभी राहिली, स्टुलावर चढून मांडी टांगताना. "आउने, दार लावून घे, पण घाबरू नकोस, धुरात माशी येत नाही." हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं. तुलाही. आपल्या गावातल्या शेंबड्या पोरालाही.

मी प्राध्यापकांकडे गेलेही होते. म्हटलं, "सर, ही धुराची न्हाणी आहे. आमच्याकडे तिच्यात मांस टांगतात, त्याला माशी लागत नाही." ते चांगले होते गं, कधी आवाज चढवला नाही. हसले आणि म्हणाले, "मिस, तुमच्या आईच्या स्वयंपाकाचा संदर्भ अहवालाच्या तळटिपेत कसा द्यायचा ते सांगा, मी देतो." खोलीतले दोन विद्यार्थीही हसले. मीही हसले. गावाकडच्या बोलीचा हेल घालवायला मला सहा वर्षं लागली होती. तो तिथे परत ऐकू आला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जागेवर येऊन मी स्वच्छ अक्षरात सोमवार लिहिला.

तेव्हा तौनोला धरलेलं नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. धरल्यावर तरी तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं. अहवालावर सही झाली होती, नवीन पद मिळायचं होतं, आणि तुझा नवरा मला कधीच आवडला नव्हता. हेही लिहून टाकते. तुझ्या डोळ्याखालचा काळा डाग मी पाहिला होता, आणि "गाईने शिंग मारलं" हे तुझं सांगणं मी मान्य केलं होतं, कारण ते सोयीचं होतं. खून त्यानेच केला असेल, असं स्वतःला पटवायला मला तो डाग फार उपयोगी पडला.

तर आता तुला माहीत आहे. ही चूक नव्हती. ही लाज होती.

प्राध्यापक गेले तीन वर्षांपूर्वी. चांगलं मरण आलं, झोपेत. मी पुष्पचक्र पाठवलं.

नाताळाच्या शुभेच्छा देत नाही. किटलीचं तेवढं कळव.

आउने


हेलसिंकी, २९ जानेवारी १९८४

ताई,

काल तुरुंगात जाऊन तौनोला भेटले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मी ओळखलं नाही. केस सगळे गेलेत, खांदे उतरलेत. आत लाकडाचे चमचे कोरतो. माझ्यासाठी एक आणला होता, भेटवस्तू म्हणून. मी काय बोलावं ते आठवडाभर पाठ केलं होतं, ते सगळं विसरून एकदम म्हणाले, "तौनो, अहवाल माझ्या हातचा होता."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्या म्हाताऱ्या साहेबाला अळी आणि शेवई ह्यातला फरक तरी कळत होता का? तूच सगळं करत होतीस."

मी त्याला धुराचं सांगितलं. तो म्हणाला, "हां. धुरात माशी येत नाही. अगं, हे मला सुचायला हवं होतं की! नऊ वर्षं मी डोकं फोडून घेतोय की सोमवारी म्हाताऱ्याने माझ्या हाकेला ओ का दिली नाही. मी जाळ्याचं भांडण मिटवायलाच गेलो होतो. बाटली घेऊन." आणि हसायला लागला, आणि हसता हसता रडायला लागला. पहारेकऱ्याने तोंड फिरवलं.

त्याने गुन्हा कबूल करून दयेचा अर्ज करावा, असं तुरुंगाचे पाद्री दर वर्षी सांगतात. तो करत नाही. म्हणतो, न केलेलं कबूल कसं करू?

तुझ्याबद्दल त्याने फक्त एवढं विचारलं, की तू अजून त्याच घरात आहेस का. मी हो म्हटलं. बरं वाटलं त्याला.

फेरसुनावणीचा अर्ज मे महिन्याच्या आत द्यायचाय. रौतियो म्हणतो, तुझ्या दोन ओळी असल्या तर पुन्हा सुनावणी मिळणारच. नसल्या तर त्याने माझ्या तोंडावर सांगितलं, "विसरा."

ताई, माझ्यासाठी नको. त्या टकल्या माणसासाठी.

आउने


हेलसिंकी, ४ मार्च १९८४

ताई,

कार्ड आलं.

दारात उभ्यानेच वाचलं, कोट न काढता. तुझ्या अक्षरात तीन वाक्यं. "किटली रविवारी भरलेली होती. सोमवारीही, दूध नासलं होतं. आता पुन्हा विचारू नकोस."

अगं, पण हेच तर! हेच हवं होतं! मी सकाळपासून वेड्यासारखी खोलीत फिरतेय. हे तुला नऊ वर्षं माहीत होतं? कोर्टात का नाही बोललीस? सोमवारचं विचारलं म्हणून? मला वाटतं, तुलाही माझ्यासारखंच झालं असेल. मोठ्या माणसांपुढे दुधाच्या किटलीचं काय सांगायचं, असं वाटलं असेल. तसं असेल तर आपण दोघी सारख्याच.

कार्ड अजून रौतियोला दाखवलेलं नाही. "विचारू नकोस" असं लिहिलंयस म्हणून. ईस्टरला मी गावी येते. आपण दोघी बसून नीट लिहू, तू सही कर. नको म्हणालीस तरी येणार.

आउने


हेलसिंकी, २६ एप्रिल १९८४

लेम्पीताई,

गाडीतून उतरल्यापासून लिहायचा प्रयत्न करतेय.

तू काय म्हणालीस ते मी शब्द न शब्द उतरवून ठेवते. दुसऱ्याचं बोलणं मी माझ्या सोयीने वाचते, हे तू बरोबर ओळखलंयस.

मी सहीचा कागद पुढे केला तेव्हा तू कॉफी ओतत होतीस. डाव्या हाताने. मी विचारलं, "उजव्याला काय झालं?" तू कॉफीवरून नजरही काढली नाहीस. "सरळ होत नाही. बाहत्तर सालापासून." आणि बाही वर केलीस. कोपर वाकडं बसलेलं. "हे गाईने नाही केलं, आउने. गाईच्या नावावर किती घालायचं मी?"

मी म्हटलं, तू मला का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, "तुला सांगून काय झालं असतं? तू अळ्या मोजत होतीस."

मग मी तो मूर्ख प्रश्न विचारला, कोर्टात गप्प का बसलीस.

"त्यांनी विचारलं सोमवारी नवरा कुठे होता. मी म्हटलं, होडी घेऊन गेला होता. खरं तेच. रविवारचं कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की नाही, देवाला माहीत. नाही विचारलं. मी घरी आले, दाराला कडी घातली आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा चपला काढून झोपले. तोवर चपला घालूनच झोपायचे गं. पळायची वेळ आली तर."

मी रडायला लागले, तेव्हा तुला खरा राग आला. "रडू नकोस माझ्यासमोर. मला वाटायचं, तुला सगळं कळलंय. कोर्टात मागे वळून बघितलं ते म्हणूनच. वाटलं, ही आपली आउने, हिला धुराचं माहीत नाही असं होईल का? हिने जाणूनबुजून सोमवार लिहिला. माझ्यासाठी. नऊ वर्षं मी तुला पत्र नाही लिहिलं, ते भीतीने. कागदावर काहीतरी निसटायचं आणि तू अडकायचीस. रागाने? वेडी का खुळी तू? अगं, रोज रात्रीच्या प्रार्थनेत मी तुझं नाव घेत होते."

ताई, ह्याच्याइतकं वाईट मला आजवर कोणी काही बोललेलं नाही. तू मला चांगली समजत होतीस.

मी म्हटलं, हेलसिंकीला चल, माझ्याकडे राहा. तू हसलीस. "आणि गाई? शेत त्याच्या नावावर आहे. तो आला की पहिलं इथे येणार, आणि मी नसले की तुझ्या दारात. तो बदललाय म्हणतेस. चमचे कोरतो. आत दारू मिळत नाही, म्हणून कोरतो. बाहेर दुकान आहे."

"तो निर्दोष आहे," मी म्हटलं.

"हो," तू म्हणालीस. "ओस्कारीचा खून त्याने नाही केला. मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. तुझ्या माश्यांनी मला सोडवलं, आउने. आता तूच मला पुन्हा बांधायला आलीस?"

सहीचा कागद मी घडी करून परत पिशवीत घातला. तू मला लोणी दिलंस बरोबर.

कार्ड माझ्याकडेच आहे. त्यावर तुझं अक्षर आहे, पोस्टाचा शिक्का आहे. रौतियोला तेवढं बस होईल, तुझ्या सहीचीही गरज पडणार नाही. हे तुला कळावं म्हणून लिहितेय. तुला धाक घालण्यासाठी नाही. मला झोप लागत नाही.

आउने


हेलसिंकी, १७ जून १९८४

ताई,

अर्ज फेटाळला. परवा कळलं.

रौतियोने फक्त माझ्या वहीवर अर्ज केला. साक्षीदार आहे का, त्याने तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी त्याने नखं खाणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. निकालात लिहिलंय की माशीच्या सवयींबद्दल एकाच व्यक्तीची दोन परस्परविरोधी मतं हा नवीन पुरावा होत नाही. बरोबर लिहिलंय. मी न्यायाधीश असते तर हेच लिहिलं असतं.

तुझं कार्ड ह्या पत्रासोबत परत पाठवतेय. हा माझा मोठेपणा समजू नकोस. ते कपाटात असलं की मी दिवसातून चार वेळा कपाट उघडते. ठेवायचं, फाडायचं, का रौतियोला पाठवायचं, ते आता तू ठरव. मला ठरवता येत नाही. तौनोचे हात बघितले की तो माणूस वाटतो. तुझं कोपर आठवलं की वाटत नाही. दोघंही एकाच वेळी डोळ्यासमोर ठेवून बघितलं. जमलं नाही.

पहिल्या वेळी मी लाजेने गप्प बसले. तेव्हा तरी मला नीट माहीत नव्हतं की त्याचं काय होणार आहे. ह्या वेळी सगळं माहीत होतं. तारीख, तास, सगळं.

तौनोचं पत्र आलंय. निकाल त्याला तिथे वाचून दाखवला. लिहितो, वाईट वाटून घेऊ नकोस, एवढी वर्षं कोणी माझ्यासाठी बोटसुद्धा हलवलं नव्हतं, तू निदान झटलीस. माझं ह्या जगात तू एकटीच आहेस, असंही लिहितो. मी आणलेली कॉफी त्याला आवडली होती, तीच आण म्हणतो. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू म्हणतो. आणि लिहितो, रविवारी ओस्कारी दिसला नाही हे ठाऊक असलेला कोणीतरी गावात असणारच, लेम्पीला विचार, तिची नजर चौफेर असते, तिला काहीतरी आठवेल.

रविवारी भेटीचा दिवस आहे. तो पहिलं हेच विचारणार. मी काय सांगू, ते तू कळव.

आउने